महिनाअखेरीस परवडतील असे देशोदेशींचे घरगुती भात कोणते?

तीन_शिट्ट्या

नमस्कार. आम्ही तिघे मित्र पुण्यात भाड्याच्या घरात एकत्र राहतो आणि रात्रीचे जेवण घरीच करतो. पोळ्या लाटण्याचे कौशल्य तिघांपैकी एकाकडेही नसल्यामुळे आमच्या स्वयंपाकाचा सगळा भार भातावर आहे. मुगाची खिचडी, मसालेभात, फोडणीचा भात, वरणभात आणि पुन्हा मुगाची खिचडी असा क्रम ठरून गेला आहे. या पदार्थांबद्दल माझी तक्रार नाही, परंतु जगातल्या निम्म्याहून अधिक लोकांचे मुख्य अन्न तांदूळ असताना त्या सगळ्यांच्या घरी साध्या दिवशी, फारसे पैसे हाताशी नसताना, काय शिजत असेल याची उत्सुकता मला बऱ्याच दिवसांपासून आहे.

शोधायला गेले की दोनच गोष्टी समोर येतात. एक म्हणजे केशर, चीज किंवा मासळी लागणारे मेजवानीचे भात, आणि दुसरी म्हणजे तीन बाटल्यांतले सॉस ओतून केलेला हातगाडीवरचा तथाकथित चायनीज भात. मला या दोन्हींच्या मधले हवे आहे: त्या त्या देशातल्या साध्या घरांत केले जाणारे, ज्यांचे सामान आपल्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळेल असे प्रकार.

आमच्याकडे एक इंडक्शन शेगडी, तीन लिटरचा कुकर, एक जाड बुडाची कढई आणि वीजेवर चालणारे भात शिजवण्याचे एक भांडे आहे. ओव्हन नाही. तिघांपैकी दोघे शाकाहारी आहेत, तिसरा अंडी खातो. तांदूळ साधा कोलम वापरतो. केवळ नावांची यादी न देता, चव नेमकी कशामुळे येते आणि कुठे काळजी घ्यावी लागते, हेही कोणी लिहिले तर मी आभारी राहीन.

नीलतीर

नोकरीनिमित्त काही वर्षे कैरोत राहिलो असल्यामुळे त्या बाजूचे सांगतो. घरात अख्खा मसूर, तांदूळ आणि कांदे असतील तर तुम्हाला आज रात्रीच ‘मुजद्दरा’ करता येईल. लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइन, जॉर्डन या सगळ्या पट्ट्यात तो घरोघरी होतो. पदार्थ जुना आहे. १२२६ साली बगदादमध्ये संकलित झालेल्या पाककृतींमध्ये त्याची नोंद सापडते, मात्र ती मांस घातलेल्या, सणासमारंभाच्या प्रकाराची आहे. मांस वगळून उरलेला मसूर-भात हे गरिबांचे जेवण होते आणि आज जगभर माहीत आहे तो हाच गरिबांचा प्रकार.

तिघांसाठी एक वाटी अख्खा मसूर, एक वाटी तांदूळ, चार मोठे कांदे, पाऊण चमचा जिरेपूड, मीठ आणि अर्धी वाटी तेल घ्यावे. तेलाचे प्रमाण वाचून दचकू नये, कारण कांदा तळून उरलेले तेल हीच या भाताची फोडणी असते. कांदा पातळ, उभा आणि शक्य तितका एकसारखा चिरावा. तो मध्यम आचेवर सतत हलवत वीस ते पंचवीस मिनिटे तळावा लागतो. पहिली दहा मिनिटे काहीच घडत नाही असे वाटते, कारण कांद्यातले पाणी आटत असते; पाणी संपले की रंग झपाट्याने बदलू लागतो आणि तिथे मात्र जागचे हलू नये. हवा असतो त्यापेक्षा एक छटा फिका असतानाच कांदा काढून ताटात पसरावा, कारण अंगच्या उष्णतेने तो बाहेरही गडद होत राहतो.

कांदा तळून होईपर्यंत दुसऱ्या भांड्याची सोय नसेल तर मसूर आधी शिजवून घ्यावा: उघड्या पातेल्यात पंधरा-वीस मिनिटे, दाणा मऊ व्हावा पण फुटू नये इतपत. कुकरमध्ये त्याचे पिठले होण्याचा संभव असतो. मग कांद्याच्या उरलेल्या तेलात जिरेपूड, निथळलेला मसूर, वीस मिनिटे भिजवलेला तांदूळ आणि मीठ घालून दोन वाट्या गरम पाणी ओतावे, झाकण ठेवून मंद आचेवर पंधरा मिनिटे शिजवावे आणि शेगडी बंद केल्यावर दहा मिनिटे झाकण उघडू नये. थोडा तळलेला कांदा भातात मिसळावा, उरलेला वरून घालावा. सोबत दही किंवा काकडी-टोमॅटोवर लिंबू पिळून केलेली कोशिंबीर असावी.

इजिप्तची ‘कोशरी’ ही याच कुळातली, पण तिचा पसारा मोठा आहे. भात आणि मसूर यांच्यावर उकडलेली मॅकरोनी, काबुली चणे, व्हिनेगर घातलेली टोमॅटोची तिखट चटणी, लसूण-व्हिनेगरचे आंबट पाणी आणि शेवटी तळलेला कांदा, असे थर येतात. तिच्यात दूध, तूप, अंडे, मांस यांपैकी काहीच नसल्यामुळे तेथील कॉप्टिक ख्रिस्ती लोकांच्या लांबलचक उपवासांच्या काळात ती चालते. पण खरे सांगायचे तर कैरोत कोशरी बहुतेक वेळा दुकानातच खाल्ली जाते, कारण घरी केली की पाच भांडी घासावी लागतात. तुमच्यासाठी मुजद्दराच योग्य.

माझे एक निरीक्षण असे की या सगळ्या स्वस्त भातांमध्ये पैसा वाचवलेला असतो, पण वेळ वाचवलेला नसतो. फक्त तो वेळ एकाच घटकावर खर्च केलेला असतो. मुजद्दऱ्यात तो कांद्यावर जातो. घाई करून गुलाबी कांदा घातला तर हाती मसूर घातलेला बेचव भात येतो आणि माणूस म्हणतो की परदेशी जेवणात काही अर्थ नाही.

अर्धीवाटी

वरील माहिती वाचनीय आहे, परंतु पोळ्या लाटायला वेळ नसलेल्या मुलांना पंचवीस मिनिटे कांदा परतायला सांगणे मला विसंगत वाटते. शिवाय परदेशात जाण्याआधी शेजारी डोकावून पाहायला काय हरकत आहे? कर्नाटकात आणि तमिळनाडूत चिंच, गूळ, मिरच्या, मेथी, हिंग आणि तिळाचे तेल यांचा दाट गोळा आटवून ठेवतात. कर्नाटकात त्याला पुळियोगरेचा गोज्जू म्हणतात. रविवारी एकदा अर्धा-पाऊण तास खर्च केला की तो बाटलीत कित्येक दिवस टिकतो, आणि मग कोणत्याही रात्री गरम भातात दोन चमचे गोज्जू, भाजलेले शेंगदाणे आणि कढीपत्त्याची फोडणी मिसळली की जेवण तयार होते. लिंबू पिळून केलेले चित्रान्न तर त्याहूनही सोपे आहे. वेळ एकाच घटकावर खर्च होतो हे नीलतीर यांचे म्हणणे मला मान्य आहे. तो वेळ रोज रात्री खर्च व्हावा की आठवड्यातून एकदा, एवढाच माझा प्रश्न आहे.

सोलेभात_अमरावती

मी वेस्ट इंडीजकडचे लिहितो, कारण त्या बाजूच्या स्वयंपाकात आपली तूर भेटते याचे मला पहिल्यापासून अप्रूप आहे. तूर मूळची भारतातली. ती आधी आफ्रिकेत गेली आणि तिथून गुलामांच्या व्यापाराच्या काळात अटलांटिक ओलांडून कॅरिबियन बेटांवर पोहोचली. तिथे तिची डाळ करत नाहीत; दाणे हिरवे किंवा अख्खे वाळलेले वापरतात. प्वेर्तो रिकोत नाताळच्या जेवणात तुरीच्या दाण्यांचा भात असतो, पण त्यात सहसा डुकराचे मांस घालतात. शाकाहाऱ्यांसाठी जमैकाचा प्रकार अधिक सोयीचा आहे.

जमैकात रविवारच्या जेवणात नारळाच्या दुधात शिजवलेला भात आणि कडधान्य हे ठरलेले असते. एरवी त्यात राजमा घालतात, आणि नाताळाच्या सुमारास तुरीचा हंगाम असल्यामुळे तुरीचे ओले दाणे. आमच्या विदर्भातही सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे त्याच दिवसांत बाजारात येतात आणि सोलेभात होतो, पण आम्ही त्यात लसूण, मिरची, कोथिंबीर आणि गोडा किंवा काळा मसाला घालतो. जमैकन भातात मसाल्याची फोडणीच नाही. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी शिजवलेले दाणे, एका नारळाचे दूध आणि त्यात लागेल तेवढे पाणी मिळून चार वाट्या, दोन पाकळ्या लसूण, कांद्याची पात, चार-पाच दाणे कबाबचिनी (म्हणजे ऑलस्पाइस), थोडे मीठ, आणि वर एक अत्यंत तिखट मिरची अख्खी, देठासकट, न चिरता ठेवायची. भात शिजल्यावर ती न फोडता अलगद काढून टाकायची. मिरचीचा वास भातात उतरतो, जाळ मात्र उतरत नाही. ही युक्ती मला इतकी पटली की आता घरच्या मसालेभातातही मी ती वापरतो.

या भातात थाइम नावाची पाने घालतात, जी आपल्याकडे महाग मिळतात. परंतु थाइमच्या आणि ओव्याच्या वासातला मुख्य घटक एकच आहे, थायमॉल. त्यामुळे चिमूटभर ओवा हातावर चोळून घातला तर वास पुष्कळ जवळ जातो. चिमूटभरच घालावा, अन्यथा भाताऐवजी पोटदुखीवरचा काढा प्यायल्यासारखे होईल.

दुसरा प्रकार ‘गायो पिंतो’. हा कोस्टा रिका आणि निकाराग्वा या दोन्ही देशांचा रोजचा नाश्ता आहे आणि तो मूळचा कोणाचा, यावर दोघांमध्ये कायम वाद चालू असतो. कोस्टा रिकात काळा राजमा, निकाराग्वात लाल. आदल्या दिवशीचा भात आणि आदल्या दिवशीचा शिजलेला राजमा घेऊन, तेलात कांदा आणि ढोबळी मिरची परतून त्यात आधी राजमा त्याच्या दाट पाण्यासह घालायचा, पाणी थोडे आटले की भात मोकळा करून घालायचा, आणि शेवटी भरपूर कोथिंबीर. राजम्याचे पाणी फेकून दिले तर भाताला रंगही येत नाही आणि चवही. कोस्टा रिकाचे लोक यात एक आंबटगोड, तपकिरी बाटलीबंद सॉस घालतात. त्याच्या जागी मी चिंच-गुळाचे पातळ पाणी आणि किंचित जिरेपूड घालतो. तेथील माणसाला हे चालणार नाही, पण तो आपल्या घरी जेवायला येण्याचा संभव कमी.

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्स शहरातही सोमवारी राजमा-भात करण्याची प्रथा आहे. सोमवार हा धुणे धुण्याचा दिवस असे. चुलीवर राजमा मंद आचेवर ठेवून दिला की बायका दिवसभर कपड्यांकडे पाहू शकत. तो राजमा आदल्या रविवारच्या जेवणातल्या हाडांवर शिजवला जाई, त्यामुळे तुमच्या कामाचा नाही. लुई आर्मस्ट्राँग हा प्रख्यात ट्रम्पेटवादक याच शहरातला. तो पत्राच्या शेवटी सहीआधी या राजमा-भाताचे नाव घेत असे.

कणीकोंडा

पश्चिम आफ्रिकेचा उल्लेख अजून कोणी केला नाही म्हणून लिहितो. सेनेगलमध्ये अख्ख्या तांदळापेक्षा कणीला अधिक मान आहे, ही गोष्ट आपल्या वाण्याला सांगितली तर त्याचा विश्वास बसणार नाही. फ्रेंच राजवटीत तेथील शेतकऱ्यांना निर्यातीसाठी भुईमूग पिकवायला लावले गेले आणि खाण्यासाठी फ्रेंच इंडोचायनातून, म्हणजे आजच्या व्हिएतनामच्या बाजूने, स्वस्त तुकडा तांदूळ आणला गेला. नाइलाजाने आलेल्या त्या तांदळाची पुढे आवड निर्माण झाली. सेनेगलचा मासळी आणि भाज्यांचा प्रसिद्ध भात, ज्याचा २०२१ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला, तो कणीचाच करतात. दक्षिण व्हिएतनाममध्येही गिरणीत उरलेली कणी गरिबांच्या ताटात जात असे, आणि आज सायगावात तिची खास दुकाने आहेत.

मासळीचा भात तुम्हाला उपयोगी नाही, पण भुईमुगाचा ‘माफे’ नक्की उपयोगी आहे. माली आणि सेनेगल या भागांत भाताबरोबर खाल्ला जाणारा हा शेंगदाण्यांचा दाट रस्सा आहे. आपल्याकडे उपवासाला वरीच्या तांदळाबरोबर शेंगदाण्याची आमटी करतात, त्यामुळे कल्पना नवी वाटणार नाही. कृती मात्र बरीच वेगळी आहे. आपण कूट शेवटी घालतो आणि एक उकळी आली की आमटी उतरवतो. माफे जितका अधिक वेळ मंद आचेवर राहील तितका चांगला.

एक वाटी शेंगदाणे खमंग भाजून, साले काढून, त्यांना स्वतःचे तेल सुटेपर्यंत मिक्सरमध्ये वाटावे. हे कूट नव्हे, लगदा व्हायला हवा. तेलात कांदा आणि लसूण परतून तीन-चार टोमॅटोंचा रस घालावा आणि तो आटून गडद होईपर्यंत परतत राहावे. मग लगदा गरम पाण्यात कालवून ओतावा, गाजर, रताळे आणि कोबीचे मोठे तुकडे टाकावेत, एक मिरची अख्खी सोडावी आणि अधूनमधून तळापासून ढवळत पाऊण तास शिजू द्यावे. वर तेलाचा तवंग आला की झाले. जिरे, गूळ, कोकम यांपैकी काहीही घालू नये. घातले की ती पुन्हा आपली आमटी होते. वाईट लागत नाही, पण मग एवढा खटाटोप कशासाठी?

कणी शिजवताना ती तीन-चार पाण्यांत धुवावी, कारण पिठूळपणामुळे गोळा होतो, आणि पाणी अख्ख्या तांदळापेक्षा कमी, वाटीला सव्वा वाटीच्या आसपास ठेवावे. ती लवकर शिजते, त्यामुळे वीजही कमी जळते.

घानामध्ये ‘वाच्ये’ नावाचा चवळी-भात सकाळी सकाळी रस्त्यावर पानांत बांधून विकला जातो. त्याचा तांबूस रंग ज्वारीच्या वाळलेल्या पानांच्या आवरणांमुळे येतो, जी चवळी शिजताना पाण्यात टाकतात आणि नंतर काढून घेतात. हे वाचून कोणी सोलापूरहून कडबा मागवू नये. रंग देणारी ज्वारी ही वेगळ्या जातीची असते आणि आपला कडबा जनावरांसाठी पिकवलेला असतो. चवळी शिजवलेले पाणी न फेकता त्यातच तांदूळ शिजवला तर पुरेसा रंग येतो. घानाबाहेर राहणारे काही जण रंग गडद व्हावा म्हणून चिमूटभर खाण्याचा सोडा घालतात. घानात त्याच्याबरोबर माशांची तिखट चटणी असते. तुम्ही लसणाची चटणी घ्यावी.

पेजवाली_मालवण

आतापर्यंत सगळ्यांनी मोकळ्या भाताचे सांगितले, म्हणून मी पातळ भाताची बाजू मांडते. आमच्या कोकणात आणि गोव्यात पेज ही आजाऱ्याचे अन्न म्हणून नव्हे, तर काम करणाऱ्या माणसाचे अकरा वाजताचे खाणे म्हणून प्यायली जाते. चीनमध्ये, कोरियात, जपानमध्ये, थायलंडमध्ये आणि फिलिपिन्समध्ये हेच अन्न निरनिराळ्या दाटपणाचे आणि निरनिराळ्या तोंडीलावण्यांचे आहे. तिघांच्या जेवणाला एक वाटीभर तांदूळ पुरतो, यापेक्षा स्वस्त काय असणार?

दक्षिण चीनमधल्या पद्धतीत एका वाटीला आठ ते दहा वाट्या पाणी घेतात आणि दाणा पूर्ण विरघळेपर्यंत शिजवतात. तांदूळ धुऊन, चमचाभर तेल आणि किंचित मीठ लावून अर्धा तास ठेवला तर तो लवकर फुटतो. तुमच्या तीन लिटरच्या कुकरमध्ये मात्र अर्ध्या वाटीपेक्षा अधिक तांदूळ घेऊ नये, कारण पेज फसफसून वर येते आणि शिट्टीचे भोक तुंबू शकते. मंद आचेवर वीस मिनिटे ठेवून कुकर आपोआप निवू द्यावा. नंतर उघड्यावर पाच मिनिटे घोटून घ्यावी. त्यावर आल्याचे बारीक काप, कांद्याची पात, भाजलेले शेंगदाणे, दोन थेंब सोया सॉस आणि सोबत खारवलेली भाजी. आमच्याकडे याच जागी सुकटीची चटणी, भाजलेला पापड किंवा आंब्याचे लोणचे येते, आणि चिनी पेजेबरोबर आपले लोणचे उत्तम जाते.

सगळ्यांत मला आवडतो तो फिलिपिन्सचा प्रकार, ‘आरोस काल्दो’. नाव स्पॅनिश आहे, पदार्थ चिनी वळणाचा. त्यात कोंबडी असते, पण ती वगळूनही चव राहते, कारण तिचा आधार आले आणि लसूण हा आहे. लसणाचे काप थंड तेलात टाकून शेगडी सुरू करावी, म्हणजे ते न जळता बदामी होतात. ते काढून घेऊन त्याच तेलात बोटभर आल्याच्या चकत्या आणि कांदा परतावा, मग तांदूळ परतून सहा-सात पट पाणी घालावे आणि ढवळत दाट होऊ द्यावे. वाढताना वरून तळलेला लसूण, पात आणि लिंबाची फोड. तुमच्यातल्या तिसऱ्याने उकडलेले अंडे घ्यावे. पिवळसर रंगासाठी तिथे करडईच्या फुलांच्या पाकळ्या वापरतात. आपल्याकडे करडई पिकते, पण पाकळ्या सहज मिळत नाहीत, तेव्हा चिमूटभर हळद चालेल. पावसाळ्यात भिजून घरी आल्यावर मी हेच करते.

फिलिपिन्समध्येच शिळ्या भाताला नुसता लसूण आणि मीठ लावून परततात आणि सकाळी अंड्याबरोबर खातात. त्याला ‘सिनांगाग’ म्हणतात. कृती एवढीच आहे. जपानी लोक गरम भातावर कच्चे अंडे फोडून सोया सॉस घालून खातात, ते मात्र आपल्याकडे करू नये. तेथील अंडी कच्ची खाण्याच्या दृष्टीने धुऊन, तपासून, तारीख घालून विकली जातात.

तीन_शिट्ट्या

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल मुजद्दरा केला आणि तिघांनाही आवडला; कढईतली बुडाची खरवड कोणी घ्यायची यावर वादही झाला. आता तीन शंका आहेत. पहिली, गायो पिंतो आणि सिनांगाग दोन्हींना शिळा भात लागतो, तो रात्रभर ओट्यावर झाकून ठेवला तर चालेल का? घरी आई तसेच ठेवत असे. दुसरी, राजमा वीजेच्या भाताच्या भांड्यात परस्पर शिजवता येईल का, म्हणजे कुकर मोकळा राहील? तिसरी नीलतीर यांना: कांदा गडद झाला, पण कुरकुरीत न होता मऊ, चिवट राहिला, असे का व्हावे?

शिळासप्तमी

मी अन्नशास्त्र शिकवते, त्यामुळे पहिल्या दोन शंकांचे उत्तर थोडे विस्ताराने देते.

तांदळावर बॅसिलस सेरेयस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. ते मातीतून येतात आणि भात शिजवल्याने मरत नाहीत. शिजलेला भात ओलसर आणि कोमट स्थितीत तासन्‌तास राहिला की हे बीजाणू रुजतात, जिवाणू वाढतात आणि त्यांच्यापैकी काही असे विष तयार करतात की ज्यामुळे काही तासांत उलट्या सुरू होतात. अडचण अशी की हे विष उष्णतेने नष्ट होत नाही. सकाळी भात कितीही खरपूस परतला तरी ते तसेच राहते. म्हणून शिळा भात धोक्याचा ठरतो तो नीट गरम न केल्यामुळे नव्हे, तर आदल्या रात्री नीट थंड न केल्यामुळे. उरलेला भात पातेल्यात ढिगाने ठेवू नये, कारण मधला भाग बराच वेळ कोमट राहतो. ताटात पसरून निववावा, तासाभरात झाकून फ्रीजमध्ये ठेवावा, दुसऱ्या दिवशी संपवावा आणि एकदाच गरम करावा. फ्रीजमध्ये दाण्याचा पृष्ठभाग कोरडा आणि घट्ट होत असल्यामुळे परतलेला भातही मोकळा होतो, हा वरचा लाभ.

आईंच्या पद्धतीबद्दल: कोकणातले किंवा देशावरचे हिवाळ्यातले स्वयंपाकघर आणि मे महिन्यातली पुण्यातली बंद खोली यांत पुष्कळ फरक आहे. ओडिशातला पखाळ आणि बंगालातला पांता भात हे रात्रभर पाण्यात ठेवलेले असतात, त्यामुळे तिथेही हाच धोका असेल असे कोणी विचारील. त्या पाण्यात लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू वाढून आंबटपणा येतो आणि तो इतर जिवाणूंना रोखतो. पण ते पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक भांड्यात, ठरावीक पद्धतीने चालत आलेले आहे. कोरडा भात नुसता झाकून ठेवणे म्हणजे पखाळ नव्हे.

राजम्याच्या बाबतीत मी अधिक ठाम आहे: भाताच्या भांड्यात तो शिजवू नये. कच्च्या लाल राजम्यात एक प्रथिन असते, ज्याने तीव्र उलट्या आणि जुलाब होतात. ते नष्ट होण्यासाठी राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात किमान दहा मिनिटे खळखळून उकळावा लागतो. मंद उष्णतेवर तासन्‌तास ठेवलेला राजमा मऊ होतो, शिजल्यासारखा दिसतो, आणि तरीही अपायकारक राहू शकतो. तुमच्या भांड्याची रचनाही या कामाची नाही: पाणी आहे तोवर तापमान शंभर अंशांच्या आसपास राहते आणि पाणी संपून ते वर चढले की बटण आपोआप बंद होते, राजम्याला लागणारे भरपूर पाणी त्या हिशेबात बसत नाही आणि उतू जाते. कुकरमध्ये राजमा करावा आणि भात वीजेच्या भांड्यात. सोलेभात यांनी राजम्याचे पाणी ठेवायला सांगितले आहे, ते उकळण्याचे पाणी, भिजवण्याचे नव्हे.

मसूर, मूग आणि तूरडाळ यांना भिजवण्याची ही सक्ती नाही. रोजच्या घाईसाठी त्यामुळेच मसूर बरा. तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि कडधान्यांत ते भरपूर असते, म्हणून वर आलेल्या बहुतेक पदार्थांत भाताबरोबर मसूर, राजमा, चवळी किंवा तूर आहे. पेज आणि सिनांगाग यांत ते नाही. त्या दिवशी अंडे, शेंगदाणे किंवा दही घ्यावे.

नीलतीर

कांदा मऊ राहण्याची बहुधा दोन कारणे असावीत. कढईत एकाच वेळी चार कांदे घातले असतील तर तेलाचे तापमान पडते आणि कांदा तळला न जाता वाफवला जातो. दोन घाण्यांत तळावा. दुसरे कारण कांद्याच्या जातीचे. आत्ता बाजारात पावसाळी हंगामाचा नवा लाल कांदा, म्हणजे पोळ कांदा, आलेला आहे आणि त्यात पाणी जास्त असते. चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा मिळाला तर तो घ्यावा; तो कोरडा असल्यामुळे लवकर कुरकुरीत होतो. पोळ कांदाच वापरायचा असेल तर चिरून अर्धा तास कागदावर पसरून ठेवावा आणि तळण्याआधी त्याला मीठ लावू नये. अर्धीवाटी यांच्या आक्षेपाचेही उत्तर यातच आहे: रविवारी एकदम किलोभर कांदा तळून, पूर्ण निवल्यावर हवाबंद डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवला तर आठवडाभर पुरतो, आणि कांद्याचे तेल वेगळ्या बाटलीत गाळून ठेवले तर साध्या वरणालाही फोडणी त्याचीच देता येते.